चमेलीला सांगायच्या गोष्टी

नालबंदाच्या घरात जन्माला येऊन ज्याने घोड्याच्या खुरात एकही खिळा ठोकला नाही, असा माणूस सबंध नागपुरात मी एकटाच असेन. हे दुःख सांगितलं की लोकांच्या चेहऱ्यावर दुःख उमटत नाही. आमचे शेजारी महादेवराव तर 'सुटलात' म्हणाले होते. महादेवराव रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे ज्या विषयाची त्यांना माहिती नसे त्या विषयावर त्यांचं मत फार ठाम असे. मी मात्र सुटलो नव्हतो. मला नाल ठोकायला शिकायचं होतं आणि बाबांनी मला शिकवलं नव्हतं, एवढीच गोष्ट. ती चाळिशी आली तरी जात नव्हती.

आमचं दुकान इतवारीत, टांग्यांच्या अड्ड्याला लागून. लहानपणी मी हातोडीकडे हात नेला की बाबा काही न बोलता ती काढून घेत आणि माझ्या हातात पाटीवरची पेन्सिल देत. रागावत नसत. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. रामाजी नालबंद म्हणजे कमी बोलणारा माणूस, अशी त्यांची अड्ड्यावर ख्याती होती आणि घरी ते त्याहून कमी बोलत. त्या पेन्सिलीचा परिणाम म्हणून मी सरकारी कार्यालयात कारकून झालो, रविनगरच्या क्वार्टरात राहायला गेलो आणि टेरिलिनची पँट घालू लागलो.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. शहरात ऑटोरिक्षा आल्या होत्या आणि टांगे एकेक करून कमी होत होते. अशा वेळी, म्हणजे घोडे जवळजवळ संपल्यावर, आमच्या खात्याला घोड्यांची आठवण झाली. गावोगावच्या जनावरांच्या दवाखान्यांत नेमल्या जाणाऱ्या मुलांसाठी 'अश्वखुर-निगा व नालबंदी अल्पमुदत प्रशिक्षण वर्ग' काढायचा ठरला. त्याचा कागद माझ्याच टेबलावर आला. त्यात खाली लिहिलं होतं की वर्गावर देखरेखीसाठी एक कारकून नेमावा. मी तो कागद वाचला आणि घरातून आणलेली पोळी तशीच ठेवून साहेबांकडे गेलो. देखरेखीचा कारकून मागच्या बाकावर बसणार. मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला शिकण्यापासून कोण अडवणार?

बाबांना सांगितलं की तुम्हाला मास्तर व्हायचं आहे. ते नालेला कानस मारत होते. कानस न थांबवता म्हणाले, "घोडे कोण आणून देईन?"

"सरकार देईन, बाबा."

ते हसले. त्यांना हसताना मी फार दिवसांनी पाहिलं, त्यामुळे ते कशाला हसले हे विचारायचं राहून गेलं.

पहिली अडचण मास्तरांच्या संख्येची. सरकारने मंजूर केला होता एक. आमच्या घरात नाल बसवायला माणसं लागतात तीन. ताराचंदकाका घोड्याचा पाय धरतो, बाबा खिळे ठोकतात आणि बाबांची थोरली बहीण, माझी मैनाआत्या, घोड्याच्या तोंडाशी उभी राहून त्याच्याशी बोलते. हे बोलणं म्हणजे चुचकारणं नव्हे. चुचकारणं कुणालाही येतं. आत्या घोड्याला घरातल्या बातम्या सांगते. घोडा ऐकत असला की पाय विसरतो, असं आमच्या घरचं शास्त्र आहे. यात अट एकच, बातमी खरी पाहिजे. खोटं बोललं की आवाज बदलतो, घोड्याचे कान मागे जातात आणि पाय खाली येतो. आमच्या आजोबांच्या हनुवटीवर एक खूण होती. ती आजीने एकदा घोड्याला 'आमच्याकडं सारं ठीक आहे' असं सांगितल्याची.

हे सगळं मी टिपणीत लिहिलं. साहेबांनी विचारलं, "घोड्याशी बोलणे हे पद कोणत्या श्रेणीत बसतं?" मी म्हणालो, कुशल. ते म्हणाले, "माझी बायको दिवसभर कुत्र्याशी बोलते." फाईल वर गेली. वर ती बराच काळ रमली आणि शेरा घेऊन खाली आली. शेरा असा, की पद निर्माण करता येत नाही, तथापि सदर स्त्री प्रशिक्षणास आवश्यक असल्यास तिचा समावेश साहित्यात करण्यास हरकत नाही. अशा रीतीने मैनाआत्या साहित्याच्या यादीत कानस आणि सांडशी यांच्या मधोमध मंजूर झाली.

मला हे तिला सांगायची लाज वाटत होती. ती म्हणाली, "सामान तं सामान. माणसाले रिटायर करतात, सामानाले कोणी करत नाही." पुढे भांडारपाल साहित्यावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकायला आला तेव्हा ती पदर सावरून रांगेत उभी राहिली. त्या गृहस्थाने बराच विचार केला आणि तिच्या बसायच्या पाटावर नंबर टाकून वेळ मारून नेली.

दुसरी अडचण बाबांनी आधीच सांगितली होती. यादीत सगळं होतं, घोडा नव्हता. घोडा 'स्थानिकरीत्या उपलब्ध' असं गृहीत धरलेलं होतं. मग मी हबीबभाईंकडे गेलो. त्यांचा टांगा बरेच महिने भिंतीला टेकून उभा होता आणि चमेली नावाची तांबडी घोडी त्याच्याकडे बघत गवत खायची. तिच्या आईलाही बाबांनीच नाल ठोकलेली. हबीबभाई म्हणाले, "ले जाव ईश्वरबाबू. सवारी तो अब मिलती नहीं बेचारी को, बात करनेवाले तो मिलेंगे."

वर्ग भरायचा होता वाडीला, अमरावती रोडवर, ट्रकांच्या गोदामांमधल्या एका रिकाम्या शेडमध्ये. घोडीला रोज इतवारीहून तिथवर नेणं शक्य नव्हतं, म्हणून ती माझ्या क्वार्टरमागे राहायला आली. माझी बायको चारुशीला शांत स्वभावाची आहे. तिने घोडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आणखी कोणी येऊन राहिलं का मागून? तसा भात टाकते."

महादेवरावांचं स्वतःचं घर आमच्या क्वार्टराच्या कुंपणाला लागून. त्यांनी पहिल्याच दिवशी सल्ले दिले. घोडीचं तोंड पूर्वेला असावं. हरभरा भिजवून द्यावा. भिजवलेला मुळीच देऊ नये. तिच्यासमोर रेडिओ लावावा. चौथा सल्ला देत असताना चमेलीने त्यांच्या गुलदावदीची एक कुंडी संपवली आणि त्यांचा सल्ला बदलला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्रार दिली. क्वार्टरच्या नियमांत पाळीव प्राणी चालतो, भाड्याचं वाहन चालत नाही. टांग्याची घोडी यांतलं काय, हा प्रश्न क्वार्टरांची व्यवस्था बघणाऱ्या बाबूंना इतका आवडला की ते स्वतः येऊन चमेलीभोवती फिरून गेले. निकाल असा लागला, की टांग्याविना असेल तर ती प्राणी आणि टांग्यासकट असेल तर वाहन. महादेवराव वरच्या साहेबांकडे जाणार होते, पण तेवढ्यात त्यांच्या सौभाग्यवतींना शनीच्या अंगठीसाठी घोड्याच्या नालेचा खिळा हवा होता, म्हणून प्रकरण मिटलं.

सकाळी मी चमेलीला घेऊन वाडीला चालत जायचो. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात लगाम, खांद्याला डबा. ओळखीचे लोक स्कूटरवरून जाताना वळून बघत आणि मी कुठल्या तरी दुसऱ्याच्या घोडीबरोबर योगायोगाने चालतो आहे असा चेहरा करी. चमेलीची एक सवय होती. रस्त्याच्या कडेला पिशवी घेतलेला माणूस दिसला की ती थांबायची. तो बिचारा चमकून म्हणायचा, "नाही नाही, मी बससाठी उभा आहो." तरी ती जरा वेळ थांबायची, मग आपणहून चालू लागायची. सुरुवातीला मी लगाम ओढायचो. नंतर मीही तिच्याबरोबर थांबू लागलो. कुणी तरी म्हणेल, चला, इतवारी. कुणी म्हणालं नाही. मला फार वाईट वाटायचं आणि ते कुणाला सांगावं हे कळायचं नाही, कारण ज्यांना सांगितलं असतं ते सगळे ऑटोने जात होते.

वर्ग सुरू झाला. मुलं चांगली होती. त्यांत जरीपटक्याचा आनंदराव गजभिये नावाचा मुलगा सगळ्यांत मन लावून शिकणारा. पहिल्या दिवशी बाबांना फळ्यासमोर उभं केलं. त्यांनी खडू हातात घेतला, वास घेतला आणि खिशात टाकला. मग घोडीकडे गेले. ताराचंदकाकाने पाय उचलला, बाबांनी सांडशी घेतली आणि मैनाआत्या चमेलीच्या तोंडाशी जाऊन बोलू लागली.

"ऐकून राहिली ना वं चमेले? हा ईश्वर पाह्य कसा बसला मांग. मोठा साहेब दिसते. अवं, मॅट्रिकले गणितात नापास झाला होता, तं दोन दिवस पाण्याच्या टाकीमांग लपून होता. त्याच्या मायनं तिथंच भाकर नेऊन देल्ली."

मी मागच्या बाकावर वही उघडून बसलो होतो. सगळा वर्ग मागे वळला. चमेली मात्र निश्चल उभी होती.

माझ्या लक्षात न आलेली गोष्ट ती हीच. खऱ्या बातम्या म्हणजे कुणाच्या? काकाला मूलबाळ नाही, बाबांच्या बातम्या होत नाहीत, आत्या स्वतः सामानात. घरात बातमी होईल असा मी एकटाच. मग रोज एकेक खूर होऊ लागला आणि रोज एकेक मी. बेडूक दिसला की मी खुर्चीवर चढतो. लग्नात घोड्यावर बसवताना मी घोड्याची माफी मागितली होती. साहेबांसमोर मला शिंका येत नाहीत, घरी आल्यावर एकदम येतात. मुलं हसायची थांबली आणि लक्ष देऊन ऐकू लागली, हे तर आणखी वाईट झालं. ट्रकवाल्यांनाही नाद लागला. बंपरला बांधायला जुनी नाल मागायला आलेला एक सरदारजी मराठी समजत नसूनही पुढच्या ट्रिपला पुन्हा येऊन बसला.

"आत्या, दुसरं काही सांग ना तिले," मी एकदा हात जोडून म्हणालो.

"दुसरं काय सांगू? खोटं?"

मधेच एक दिवस ती चमेलीला म्हणाली, "याची एक गोष्ट तुले सांगतली नाही वं. लहान होता तं जुनी नाल उशाशी घेऊन निजे. गालावर तिचा वळ उठे. मायनं लई काढून घेतली, पण हा शोधून आणेच." आणि त्या वेळी बाबांची हातोडी क्षणभर हवेत राहिली. मग पडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही वहीत काही तरी लिहिलं, जे मला नंतर वाचता आलं नाही.

मागच्या बाकावरून शिकणं होत नव्हतं. बाबांच्या पाठीमुळे खूर दिसायचा नाही. दिसायची ती पाठ, आणि ती तर मी जन्मभर पाहत आलो होतो. कानावर पडायचा तो हातोडीचा आवाज. खिळा नीट चालला की आवाज वेगळा, तिरका गेला की वेगळा, हे मला उशाशी नाल घेऊन निजायच्या वयापासून कळत होतं. पण आवाज कळणं म्हणजे ठोकता येणं नव्हे. जवळ जावंसं वाटे आणि पाय उचलत नसे.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षक पुण्याचे होते. त्यांच्या अहवालावर पुढच्या वर्षी वर्ग राहणार की जाणार हे ठरणार होतं. वर्ग गेला की माझा मागचा बाकही जाणार, हे मला परीक्षकांना पाणी देतानाच कळलं. त्यातच मैनाआत्याचा घसा बसला. ट्रकांच्या धुळीत इतके दिवस बोलून आवाज पार गेला होता. ती पाटावर बसून नुसत्या खुणा करत होती.

पहिला नंबर आनंदराव गजभियेचा. त्याने खूर सुरेख साफ केला, नाल मापाची घेतली. एका मित्राने पाय धरला, दुसऱ्याकडे बोलायचं काम होतं. तो दुसरा घाबरून गप्प झाला. तेव्हा आनंदरावने खाली मान घालून खिळा लावता लावता स्वतःच सुरुवात केली, "ऐकून राहिली ना वं चमेले? हा ईश्वर मॅट्रिकले गणितात नापास झाला होता..."

आता लक्षात आलं. वर्गातल्या सगळ्या मुलांनी ही नालबंदीची पोथी आहे असं समजून तोंडपाठ केली होती. कोणत्या खिळ्याला टाकी, कोणत्या खिळ्याला बेडूक, सगळं.

परीक्षक म्हणाले, "एक मिनिट. हा ईश्वर कोण?"

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. "मीच, सर."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तेवढ्यात चमेलीचे कान मागे गेले. गोष्ट खरी असली तरी आवाज पाठांतराचा होता. तिने पाय ओढला, मित्र बसला, बादली उडाली आणि परीक्षकांच्या पुणेरी धोतराचा पुढचा भाग ओला झाला. ते शांतपणे म्हणाले, "ही पद्धतच शास्त्रीय दिसत नाही. स्वतः शिक्षकांनी करून दाखवावी. नाही तर वर्ग बंद करण्याची शिफारस करावी लागेल."

बाबा उठले. काकाने पाय धरला. बाबांनी आत्याकडे पाहिलं. तिने घशाकडे बोट दाखवलं आणि मग तेच बोट माझ्याकडे केलं.

मी चमेलीच्या तोंडाशी गेलो. तांब्या हातातच होता. म्हणालो, "चमेली, आज या ठिकाणी परीक्षेच्या निमित्ताने आपण सर्व..." तिने कान पाडले. मी घाईने म्हणालो, "आज ऊन बरंच आहे." तिने पाय हलवला. काका खालून कण्हला, "अबे, खरं बोल ना, माह्या पाठीचा काटा मोडते आता."

खरं काय बोलायचं? आत्याने सगळं सांगून टाकलं होतं. उरलेलं एकच होतं. मी तांब्या खाली ठेवला.

"चमेले," मी म्हणालो, आणि माझी कार्यालयातली भाषा कुठे गेली मला कळलं नाही, "मले नाल ठोकायची होती वं. लहानपणापासून. या वर्गाचा कागद पायला तं मी जेवण सोडून साहेबाकडं गेलो. देखरेख कायची आली? मले फक्त बाबांच्या बाजूले बसायचं होतं. काहून नाही शिकवलं मले, हे मी त्याईले कधी विचारलं नाही. तू विचार."

चमेली झाडासारखी उभी होती. मग खालून, खुराजवळून, बाबांचा आवाज आला. तेही तिच्याशीच बोलत होते.

"त्याले सांग चमेले. घोडे जाऊन राहिले हे मले तवाच दिसत होतं. शिकला असता तं जन्मभर घोड्याची वाट पायत बसला असता. माह्यासारखा."

मी चमेलीची आयाळ घट्ट धरली. म्हणालो, "त्याईले सांग वं. वाट तं मी तशीबी पायलीच."

हातोडी थांबली. मग बाबा म्हणाले, आणि या वेळी घोडीला नव्हे, "ताराचंद, जरा सरक. ईश्वर, ये गा इकडं."

मी टेरिलिनच्या पँटनिशी त्या ओल्या जमिनीवर बसलो. त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली आणि माझ्या मुठीवर त्यांची मूठ ठेवली. शेवटचा खिळा बाकी होता. पहिला घाव माझ्या अंगठ्यावर बसला. दुसरा खिळ्यावर. तिसऱ्याला तो आवाज आला, नीट चाललेल्या खिळ्याचा, आणि बाबांनी आपला हात काढून घेतला.

परीक्षकांनी सगळ्या मुलांना पास केलं आणि अहवालात लिहिलं की पद्धत प्रभावी आहे, मात्र घोडे उपलब्ध नसल्याने वर्ग पुढे चालवू नये. साहित्य जमा करायचा हुकूम आला तेव्हा मी कानस दिली, सांडशी दिली आणि आत्याचा पाट दिला. आत्या 'गहाळ' दाखवली. तेवढी देखरेख मी केली.

चमेली हबीबभाईंकडे परत गेली. मी इतवारीला रविवारी जाऊ लागलो. बाबांपाशी बसून ठोकायला मला आणखी काही घोडे मिळाले, फार नाही. मग टांग्यांचा अड्डाच उठला. बाबा गेले, त्यांच्या मागून आत्या गेली. मी स्कूटर घेतली. पंक्चर काढताना मी तिच्या हँडलपाशी उभा राहून काही तरी बोलतो, असं चारुशीला म्हणते. असेल.

मागच्या वर्षी आम्ही रामटेकला गेलो होतो. गडाच्या पायथ्याशी अजून दोनचार टांगे उभे असतात. एका झाडाखाली कुणी तरी तट्टाला नाल ठोकत होतं. आवाजावरून पाय आपोआप तिकडे वळले. खाली वाकलेला माणूस केस पांढरे होत आलेला, जनावरांच्या दवाखान्याचा खाकी कोट घातलेला. आनंदराव गजभिये. आवाजावरून ओळखला, चेहरा खाली होता. टांगेवाल्याने पाय धरला होता आणि आनंदराव खिळा लावता लावता तट्टाशी बोलत होता.

"ऐकून राहिला ना गा? एक ईश्वर होता. लहान असताना जुनी नाल उशाशी घेऊन निजे. गालावर वळ उठे. त्याच्या बापानं त्याले कधी हातोडी देल्ली नाही..."

तट्टू कान पुढे करून ऐकत होतं. चारुशीला मला हाक मारणार होती, मी तिला हाताने थांबवलं. पाय हातात असताना बोलणं तोडायचं नसतं.

"...आन मंग एक दिवस देल्ली," आनंदराव म्हणाला, आणि शेवटचा खिळा ठोकला. आवाज नीट आला.